जुन्या डॉस संगणकावरील हिशेबाचा फ्लॉपीवर बॅकअप: कोणता प्रोग्राम घ्यावा आणि काम कोणत्या क्रमाने करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात डॉस ६.२२ (टाइप केलेल्या कमांडवर चालणारी जुनी संगणक प्रणाली) वर चालणारा ४८६ प्रोसेसरचा संगणक अजून वापरात आहे आणि पेढीचा रोजमेळ व खतावणी फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममध्ये करून घेतलेल्या प्रोग्रामवर होते. ३४० एमबीची हार्ड डिस्क साधारण निम्मी भरली आहे, त्यातील हिशेबाची डिरेक्टरी २२ एमबीची आहे, अलीकडे डिस्कमधून अधूनमधून खरखर ऐकू येते, आणि माहिती बाहेर काढायला साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्हखेरीज दुसरी सोय नाही. कोणता बॅकअप प्रोग्राम वापरावा, फ्लॉप्या किती लागतील, त्या दुसऱ्या संगणकावर उघडतील का, आणि वडिलांनी नुसते ‘बॅकअप’ लिहून ठेवलेल्या जुन्या फ्लॉप्यांच्या डब्यात काय आहे हे कसे ओळखावे, असे विचारले आहे. सांगली-मिरजेतील पेढ्या, पतसंस्था आणि छोट्या कारखान्यांचे संगणक सांभाळण्यातच माझी नोकरी आणि नंतरचा व्यवसाय गेला, त्यामुळे या प्रश्नातला जवळजवळ प्रत्येक शब्द ओळखीचा आहे.

सर्वांत आधी खरखरीबद्दल. डिस्कचा आवाज बदलला असेल तर प्रथम माहिती बाहेर काढावी आणि डिस्कची तपासणी नंतर करावी. पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात, म्हणजे आधी स्कॅनडिस्क चालवून पृष्ठभागाची संपूर्ण तपासणी लावतात किंवा डिस्क ‘वेगवान’ व्हावी म्हणून डीफ्रॅग करतात. थकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवण्याचा हा प्रकार आहे, आणि डीफ्रॅगमध्ये तर धडधाकट फायलीसुद्धा जागेवरून उचलून दुसरीकडे लिहिल्या जातात. वाचताना ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ असा संदेश आला तर दोन-तीनदा रिट्राय करून पाहावे, तरीही फाइल वाचली गेली नाही तर तिचे नाव कागदावर टिपून पुढच्या फायलीकडे जावे. हट्टाने त्याच जागी डिस्कला खरवडत ठेवू नये.

हार्ड डिस्क काढून यूएसबी अ‍ॅडॉप्टरने नव्या संगणकाला जोडण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. तो चुकीचा नाही. पण त्या काळातील अनेक छोट्या डिस्कना सिलिंडर-हेड-सेक्टर हीच पत्त्याची जुनी पद्धत कळते आणि बाजारातील बहुतेक अ‍ॅडॉप्टरना ती कळत नाही, त्यामुळे डिस्क दिसतच नाही किंवा विंडोज तिला कोरी समजून ‘फॉरमॅट करू का’ असे विचारते. त्या प्रश्नाला हो म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. डॉस ६ मध्ये इंटरलिंक नावाची सोयही आहे, तिच्यामुळे प्रिंटर पोर्टातून केबल टाकून दोन संगणकांत फायली नेता येतात. पण त्यासाठी पलीकडेही तसाच पोर्ट असलेला संगणक लागतो. म्हणून आज, हाताशी आहे त्या ड्राइव्हने, हिशेब फ्लॉपीवर घेणे हेच शहाणपणाचे आहे.

आता फ्लॉप्या किती लागतील याकडे येऊ, कारण प्रोग्रामची निवड या हिशेबावरच ठरते. १.४४ एमबीची म्हणून विकली जाणारी फ्लॉपी डॉसने फॉरमॅट केल्यावर प्रत्यक्ष फायलींसाठी १४,५७,६६४ बाइट जागा देते. निम्मी डिस्क म्हणजे १७० एमबी जशीच्या तशी उतरवायची झाली तर १२३ फ्लॉप्या लागतील; फक्त हिशेबाची डिरेक्टरी घेतली तर १६. श्रमाचा आणि वेळेचा फरक उघड आहे, पण खरा फरक भरवशाचा आहे. प्रत्येक फ्लॉपी पुढे वाचताना दगा देण्याची शक्यता शंभरात एक एवढीच धरली, आणि जुन्या फ्लॉप्यांच्या बाबतीत हे उदार अनुमान आहे, तरी १२३ च्या १२३ फ्लॉप्या धड निघण्याची शक्यता तीस टक्क्यांनाही पोहोचत नाही. पाच फ्लॉप्यांचा संच मात्र पंचाण्णव टक्के वेळा पुरता वाचला जाईल. ज्या बॅकअप प्रोग्रामला सगळ्या फ्लॉप्या धड असल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्याच्या हाती १२३ फ्लॉप्या देणे म्हणजे एक कडी तुटली की संपूर्ण विहिरीत जाणारी साखळी ओवणे आहे. म्हणून दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात: फ्लॉप्यांची संख्या शक्य तितकी कमी ठेवायची, आणि एक फ्लॉपी गेली तर तिच्यापुरतेच नुकसान होईल अशी पद्धत निवडायची.

संख्या कमी करण्याचा पहिला उपाय म्हणजे काय घ्यायचे नाही हे ठरवणे. डॉस, फॉक्सप्रो, वर्डस्टार किंवा लोटस यांच्या प्रोग्राम फायली घेण्याची घाई नाही. त्या दुसरीकडून मिळू शकतात. आपल्या पेढीसाठी कोणीतरी लिहून दिलेला प्रोग्राम मात्र जगात दुसरीकडे कुठेही नाही, त्यामुळे त्याच्या ईएक्सई, एफएक्सपी आणि असल्यास पीआरजी फायली डेटाइतक्याच मोलाच्या समजाव्यात. डेटाच्या बाजूला डीबीएफ, म्हणजे टेबलांच्या, फायली आल्याच, पण त्यांच्याबरोबर त्याच नावाच्या एफपीटी फायलीही आल्या पाहिजेत, कारण मेमो क्षेत्रातील मजकूर तिथे असतो आणि ती फाइल नसेल तर फॉक्सप्रो मूळ टेबल उघडण्यासही नकार देतो. इंडेक्सच्या फायली पुन्हा तयार करता येतात म्हणून त्या वगळाव्यात असे पुस्तकात सांगितलेले असते. मी तसे करत नाही. टेबलाशी बांधलेली सीडीएक्स ही इंडेक्स फाइल सापडली नाही की फॉक्सप्रो तक्रार करतो, आणि रीइंडेक्सचा पर्याय प्रोग्राम लिहिणाऱ्याने मेनूत ठेवला होता की नाही हे आज सांगायला तो माणूस जवळ असेलच असे नाही. थोडी जागा गेली तरी चालेल, डिरेक्टरी पूर्ण घ्यावी.

दुसरा उपाय दाबून बसवण्याचा. डीबीएफमध्ये प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली असते. शेतकऱ्याच्या नावासाठी ४० अक्षरांची जागा ठेवली असेल आणि नाव १५ अक्षरांचे असेल, तर उरलेल्या २५ जागा कोऱ्या अक्षरांनी भरलेल्या असतात. असल्या फायली आकुंचन करणाऱ्या प्रोग्रामच्या हाती दिल्या की पाचपट लहान होणे ही नेहमीची बाब आहे. तुमचे २२ एमबी बहुधा चार-पाच फ्लॉप्यांत बसतील.

फ्लॉप्या कोणत्या घ्याव्यात याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण अर्धे अपयश इथेच असते. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनवणे बंद केले; आज ‘नवी’ म्हणून मिळणारी फ्लॉपी ही पडून राहिलेल्या जुन्या साठ्यातील असते. तिचे वेष्टन न फोडलेले आहे म्हणून विश्वास ठेवू नये. धातूची सरकती पट्टी बोटाने बाजूला करून आतली तपकिरी चकती उजेडात धरावी आणि मधला धातूचा भाग फिरवत पूर्ण चकती पाहावी. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या फ्लॉप्यांवर पांढुरके, फिकट ठिपके दिसतात. ती बुरशी असते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला चिकटते आणि तो हेड पुढच्या चांगल्या फ्लॉप्यांवर वर्तुळाकार चरे पाडत जातो. एका खराब फ्लॉपीमागे अख्खा संच गेलेला पाहायचा नसेल तर शंकास्पद फ्लॉपी सरळ बाजूला ठेवावी. ७२० केबीच्या फ्लॉपीला कोपऱ्यात भोक पाडून ती १.४४ ची करण्याचा उद्योग एके काळी आपल्याकडे जोरात चाले. त्या फ्लॉप्याही या कामात नकोत, कारण त्यांचा चुंबकीय लेप त्या घनतेसाठी बनवलेलाच नसतो, त्या आज लिहून घेतात आणि काही महिन्यांनी वाचू देत नाहीत.

ड्राइव्हही पाहून घ्यावा. मार्केट यार्डात, विशेषतः हळदीच्या हंगामात, पूड सगळीकडे असते आणि संगणकाचा पंखा हवा आत ओढताना फ्लॉपीच्या फटीतूनही ओढतो. अशा दुकानातील ड्राइव्हचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसले की कापूस पिवळा निघतो. हे काम संगणक बंद करून, वरचा हेड जोराने न उचलता करावे. तो नाजूक पट्टीवर बसवलेला असतो आणि एकदा वाकला की ड्राइव्ह संपला.

त्यानंतर प्रत्येक फ्लॉपी फॉरमॅट कमांडला /यू हा स्विच (कमांडपुढे जोडायची खूण) देऊन नव्याने फॉरमॅट करावी. /क्यू देऊन झटपट फॉरमॅट केले तर फक्त यादी कोरी होते, पृष्ठभाग तपासला जात नाही. फॉरमॅट संपल्यावर पडद्यावर जो हिशेब येतो त्यात ‘बॅड सेक्टर’ची एकही ओळ असेल तर ती फ्लॉपी बाद समजावी, डॉस तो भाग टाळून चालवतो हे खरे, पण ज्या चकतीचा एक भाग गेला तिचा शेजारचा भाग फार काळ टिकत नाही. कानही उपयोगी पडतो: चांगली फ्लॉपी सारख्या अंतराने टकटक करत पुढे जाते, आणि हेड मध्येच थांबून मागे जाऊन पुन्हा त्याच जागी येत असेल तर यंत्र तिथे अडखळते आहे.

आता प्रोग्राम. डॉस २ बरोबर १९८३ मध्ये, आयबीएमच्या पीसी एक्सटीला हार्ड डिस्क आली तेव्हाच, बॅकअप आणि रिस्टोअर या कमांड आल्या. त्यांचे काम सरळ होते: फायली ओळीने फ्लॉप्यांवर ओतायच्या, फ्लॉपी भरली की दुसरी मागायची, आणि फ्लॉपीपेक्षा मोठी फाइल असेल तर ती दोहोंत तोडायची. १९८७ च्या डॉस ३.३ पासून प्रत्येक फ्लॉपीवर दोनच फायली दिसू लागल्या, बॅकअप.००१ आणि कंट्रोल.००१, पहिलीत सगळा माल, दुसरीत त्याची यादी. यात आकुंचन मुळीच नाही, म्हणजे तुमच्या १६ फ्लॉप्या १६ च राहतील. कंट्रोल फाइल वाचली गेली नाही तर त्या फ्लॉपीवरील माल काढणे जवळपास अशक्य होते. शिवाय रिस्टोअर फायली फक्त मूळ नावाच्या डिरेक्टरीतच परत ठेवते, दुसरीकडे काढून पाहू देत नाही. एकूण पाहता ही कमांड आज नव्याने वापरण्याचे कारण नाही, आणि तुमच्या डॉस ६.२२ बरोबर बॅकअप कमांड बहुधा नसेलच. जुने संच वाचता यावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने रिस्टोअर तेवढी ठेवली होती.

तिच्या जागी १९९३ मध्ये डॉस ६ बरोबर एमएसबॅकअप आला. तो सिमँटेकच्या नॉर्टन बॅकअपवरून घेतलेला, खिडक्या आणि मेनू असलेला प्रोग्राम आहे आणि मला तो मनापासून आवडत असे. हार्ड डिस्क वाचणे आणि फ्लॉपी लिहिणे ही कामे तो जवळजवळ एकाच वेळी करतो, म्हणून तो वेगवान आहे. मात्र त्यामुळेच पहिल्यांदा चालवताना तो दोन फ्लॉप्या मागून आपले त्या यंत्राशी जुळते का याची चाचणी घेतो. ही चाचणी कंटाळा करून टाळू नये. पर्यायांमध्ये वाचून पडताळणे, आकुंचन आणि फ्लॉपीवरील चूक-दुरुस्ती अशी तीन कलमे आहेत, ती तिन्ही चालू ठेवावीत. चूक-दुरुस्तीसाठी थोडी जागा जाते, पण एखाद-दुसरा सेक्टर गेला तरी माहिती परत बांधता येते. संचाची यादी तो हार्ड डिस्कवर कॅटलॉग फायलीत ठेवतो आणि तिची प्रत शेवटच्या फ्लॉपीवर लिहितो. हार्ड डिस्क गेल्यावर कॅटलॉग त्या फ्लॉपीवरून परत घेता येतो, हे मेनूत स्पष्ट दिलेले असूनही पुष्कळांना माहीत नसते आणि ते पहिल्याच फ्लॉपीपाशी अडून बसतात.

तरीही तुमच्या कामासाठी मी एमएसबॅकअप सुचवणार नाही. त्याचा संच उघडायला पुन्हा डॉस ६ चा संगणक लागतो. विंडोज ९५ मधील बॅकअप प्रोग्रामलादेखील तो वाचता येत नव्हता. तुम्हाला तर पुढे हा हिशेब आजच्या संगणकावर न्यायचा आहे. म्हणून एआरजे किंवा पीकेझिप या आकुंचन करणाऱ्या प्रोग्रामांपैकी एक घ्यावा, आणि दोहोंत एआरजे.

कारण दोघांच्या बांधणीत आहे. पीकेझिप २.०४जी ला ‘&’ चा स्विच दिला की तो एकच झिप फाइल अनेक फ्लॉप्यांवर पसरवतो, पण सगळ्या फायलींची मुख्य सूची सर्वांत शेवटी लिहितो; म्हणून उघडताना तो आधी शेवटची फ्लॉपी मागतो. ती शेवटची फ्लॉपी गेली तर दुरुस्तीचा प्रोग्राम घेऊन खटपट करावी लागते. एआरजे मात्र प्रत्येक फ्लॉपीवर स्वतंत्र, आपापल्या यादीसह पूर्ण असलेला खंड तयार करतो: पहिल्यावर हिशेब.एआरजे, दुसऱ्यावर हिशेब.ए०१, तिसऱ्यावर हिशेब.ए०२. तिसरी फ्लॉपी गेली तर तिच्यावरच्या, आणि तिच्या सीमेवर तुटलेल्या, एवढ्याच फायली जातात, बाकीच्या निघतात. वर ठरवलेल्या दोन्ही गोष्टी यात साधतात.

पद्धत अशी आहे, आणि अक्षरे अर्थातच रोमन टाइप करायची आहेत. आधी फॉक्सप्रोचा प्रोग्राम मेनूतून नीट बाहेर पडून बंद करावा. टेबल उघडे असताना घेतलेल्या प्रतीत डीबीएफच्या शीर्षभागातील नोंदींची संख्या आणि प्रत्यक्ष नोंदी जुळतीलच असे नाही, आणि असली प्रत वरून साबूत दिसते. मग डेट कमांड देऊन तारीख पाहावी. मदरबोर्डवरची बॅटरी संपली असेल तर संगणक १९८० सालात गेलेला असतो आणि तारखांवर विसंबून केलेले सगळे काम फसते. बॅटरीचा विषय निघालाच आहे तर सीमॉस सेटअपमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मांडणीच्या पडद्यावर) जाऊन हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे कागदावर उतरवून तो कागद संगणकाच्या कॅबिनेटला आतून चिकटवावा. बॅटरी पूर्ण बसली की हे आकडे पुसले जातात आणि सुदृढ डिस्कही मेल्यासारखी वागते.

त्यानंतर एआरजे कमांडला जोडण्यासाठी ए, उपडिरेक्टऱ्यांसाठी -आर, आणि फ्लॉपीवरील मोकळी जागा स्वतः पाहून खंड पाडावेत व दर वेळी आवाज देऊन थांबावे यासाठी -व्हीव्हीए असे सांगून, पुढे ए ड्राइव्हवरील संचाचे नाव आणि शेवटी सी ड्राइव्हवरील हिशेबाच्या डिरेक्टरीचा मार्ग द्यावा. प्रत्येक फ्लॉपी लिहायला साधारण मिनिटभर किंवा थोडे अधिक लागेल. फ्लॉपी बाहेर आली की लगेच लेबल लावावे. लेबलावर आधी लिहावे आणि मग ते चिकटवावे. नुसते ‘बॅकअप’ लिहिण्याचा काय उपयोग होतो हे तुमच्या डब्याने दाखवलेच आहे. तारीख, एकूण पाचांपैकी कितवी, कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीने लिहिली, आणि उघडण्याची कमांड, एवढे चार तपशील हवेत. मग कोपऱ्यातील काळी खिट्टी सरकवून भोक उघडे करावे, म्हणजे फ्लॉपीवर चुकून लिहिले जाणार नाही.

संच एकच करू नये. पहिला पडताळून झाल्यावर दुसरा संच वेगळ्या फ्लॉप्यांवर, कमांड पुन्हा चालवून करावा. याशिवाय एक फ्लॉपी फॉरमॅट करताना /एस देऊन ती संगणक सुरू करण्याजोगी करावी आणि तिच्यावर एआरजेची ईएक्सई फाइल ठेवावी. संच आहे पण उघडणारा प्रोग्राम गेलेल्या डिस्कवरच होता, हा प्रसंग या व्यवसायात इतका नेहमीचा आहे की त्याचे हसूही येईनासे होते.

पडताळणीला दोन पायऱ्या आहेत आणि दुसरी अधिक महत्त्वाची आहे. त्याच संगणकावर एआरजेला टी ही आज्ञा देऊन सर्व खंड तपासावेत, म्हणजे प्रत्येक फाइलची बेरीज जुळते का ते कळते. नंतर संच सी ड्राइव्हवर एका वेगळ्या, रिकाम्या डिरेक्टरीत काढून एफसी कमांडच्या /बी स्विचने मूळ फायलींशी तुलना करावी. डिस्क फारच कुरकुरत असेल तर हे काम तिच्यावर करू नये, दुसऱ्या संगणकावर करावे. कॉपी किंवा एक्सकॉपीला /व्ही दिले म्हणजे तुलना झाली, असा एक समज आहे. डॉस त्या वेळी लिहिलेला भाग वाचता येतो एवढेच पाहतो, तो मुळाशी जुळतो का हे पाहत नाही.

दुसरी पायरी म्हणजे हाच संच वेगळ्या ड्राइव्हवर वाचून पाहणे. जुन्या ड्राइव्हचे हेड झिजून किंचित एका बाजूला सरकलेले असते. असा ड्राइव्ह स्वतः लिहिलेली प्रत्येक फ्लॉपी बिनतक्रार वाचतो, कारण लिहिताना आणि वाचताना तो सारखाच चुकतो. दुसऱ्या कुठल्याही ड्राइव्हला मात्र त्या फ्लॉप्या कोऱ्या किंवा बिघडलेल्या वाटतात. ज्या दिवशी मूळ संगणक बंद पडतो त्या दिवशी हे उघडकीस येते. तेव्हा यूएसबीला जोडायचा साडेतीन इंची ड्राइव्ह कोणाकडून उसना आणावा, सगळे खंड आजच्या संगणकावर एका फोल्डरमध्ये उतरवावेत आणि ते उघडून पाहावेत. सेव्हन-झिप एआरजे फायली उघडतो, आणि अडला तर डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) मूळ एआरजे चालवता येतो. बाहेर आलेल्या डीबीएफ फायली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. खात्यांची नावे इंग्रजीत असतील तर काम झाले. मराठीत असतील तर ती सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (संगणकावर भारतीय लिप्या आणणारे कार्ड) टाइप केली होती की अन्य कशावर हे आजच विचारून लिहून ठेवावे, कारण बॅकअपमध्ये अक्षरांचे आकडे येतात, ते कोणत्या पद्धतीने वाचायचे ही माहिती येत नाही.

एकदा हे मार्गी लागले की रोजचे काम सोपे आहे. बॅकअपचे प्रकार सांगताना पूर्ण, वाढीव आणि फरकाचा अशी वर्गवारी करतात. वाढीव प्रकारात फक्त मागच्या बॅकअपनंतर बदललेले घेतात आणि फायलीवरील ‘आर्काइव्ह’ची (फाइल बदलली आहे असे सांगणारी) खूण पुसतात, फरकाच्या प्रकारात शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेले सगळे घेतात आणि खूण तशीच ठेवतात. एक्सकॉपीत /एम पहिल्यासारखे वागते, /ए दुसऱ्यासारखे. फ्लॉपीवर वाढीव प्रकार मला पटत नाही, कारण परत उभे करताना मधल्या प्रत्येक दिवसाची फ्लॉपी धड लागते. आणि दोन संच आलटून पालटून वापरणाऱ्याने /एम घेतले तर सोमवारचे बदल फक्त पहिल्या संचात, मंगळवारचे फक्त दुसऱ्यात, अशी वाटणी होऊन कोणताच संच पुरा राहत नाही. शिवाय एक्सकॉपीला फाइल तोडता येत नाही. खतावणीची डीबीएफ १.४४ एमबीच्या पुढे गेली की एक्सकॉपी थांबते.

तुमच्या बाबतीत या वर्गवारीची गरजच नाही. चालू वर्षाची डिरेक्टरी वेगळी असेल तर ती आकुंचन होऊन एका, फार तर दोन फ्लॉप्यांत बसेल. दुकान बंद करताना रोज तेवढ्याचा पूर्ण बॅकअप घ्यावा, सहा वारांच्या सहा वेगळ्या फ्लॉप्या ठेवाव्यात, आणि पूर्ण २२ एमबीचा संच महिन्यातून एकदा आणि ३१ मार्चनंतर वर्ष बंद करताना करावा. एक संच दुकानात आणि दुसरा घरी, वरच्या मजल्यावर ठेवावा. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या शहरात याचे कारण सांगायला नको. दुकानातला संच स्पीकर, व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा मोटारीजवळ ठेवू नये.

राहिला वडिलांचा डबा. बुरशी पाहून स्वच्छ निघालेल्या फ्लॉप्यांची खिट्टी लिहू न देणाऱ्या बाजूला करून एकेक घालावी आणि डीआयआर कमांड द्यावी. बॅकअपआयडी.@@@ नावाची फाइल दिसली तर तो डॉस ३.३ च्या आधीच्या बॅकअप कमांडचा संच आहे, बॅकअप.००१ आणि कंट्रोल.००१ दिसल्या तर ३.३ किंवा नंतरचा. सीसी या अक्षरांनी सुरू होणारे, पुढे आकडे असलेले आणि .००१ ने संपणारे नाव एमएसबॅकअपचे असते, आणि त्या नावातच तारीख दडलेली असते: सीसी४०३३१ए म्हणजे सी ड्राइव्हपासून सी ड्राइव्हपर्यंत, वर्षाचा शेवटचा आकडा ४ म्हणजे १९९४, महिना ०३, दिवस ३१, त्या दिवशीचा पहिला संच. फ्लॉपीच्या नावाच्या जागी पीकेबॅक# ००१ असे आले तर पीकेझिप, क्यूआयसी हे शेपूट असेल तर विंडोज ९५. ‘जनरल फेल्युअर’ आले म्हणजे फ्लॉपी गेलीच असे समजू नये. फास्टबॅकसारखे काही प्रोग्राम डॉसला न कळणाऱ्या स्वतःच्या पद्धतीने फ्लॉपी लिहीत, आणि तिला फॉरमॅट करून टाकले तर मग ती खरोखर गेली.

ओळख पटली तरी जुना संच या संगणकावर रिस्टोअर करू नये. वर सांगितल्याप्रमाणे रिस्टोअर फायली मूळ डिरेक्टरीतच ठेवते, आणि वडिलांच्या काळी डिरेक्टरीचे नाव तेच असेल तर त्या वेळची खतावणी आजच्या खतावणीवर बसेल. आधी रिस्टोअरला /डी देऊन नुसती यादी पाहावी, आणि प्रत्यक्ष काढण्याचे काम डॉस ६.२२ घातलेल्या दुसऱ्या कोणत्याही जुन्या संगणकावर करावे. तिथेही /पी द्यावे, म्हणजे बदललेल्या फायलीवर लिहिण्यापूर्वी तो विचारील.